तीस खाटांच्या आराखड्याआधी

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 62 वर्षांच्या असून बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत. महाराष्ट्रातील एका दुर्गम तालुक्यातल्या त्यांच्या माहेरच्या गावी 19 वर्षांपूर्वी त्यांची वहिनी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने, जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर जीपमध्येच गेली. बाळ वाचले, ती भाची आज 19 वर्षांची आहे. वहिनीच्या नावाने गावात गरिबांसाठी पूर्णपणे मोफत, 30 खाटांचे धर्मादाय रुग्णालय बांधायचे त्यांनी ठरवले आहे. वडिलांची दोन एकर जमीन आहे, निवृत्तीचे पैसे आणि विकलेली सदनिका मिळून एक कोटी दहा लाख रुपये आहेत आणि वास्तुविशारदाने पहिल्या टप्प्याच्या बांधकामाचा अंदाज नव्वद लाखांचा दिला आहे. मुलगी स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि ती रुग्णालय सांभाळेल, असे त्या धरून चालल्या आहेत. पाच महिन्यांनी येणाऱ्या वहिनीच्या स्मृतिदिनी भूमिपूजन करायचे आहे. यजमानांचे म्हणणे असे की, हे झेपणारे नाही. पैसे एखाद्या चालत्या संस्थेला द्यावेत. "माझे चुकते आहे का?" असे त्या विचारतात.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष जमीन, रक्कम आणि आराखडा यांच्याकडे गेले. दुसऱ्या वाचनात मात्र मी एका वाक्यापाशी थांबले. जीप घाटात असताना वहिनी "मला थंडी वाजते आहे" एवढे म्हणाली आणि त्यानंतर काही बोलली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. एकोणीस वर्षे हे वाक्य मनात बाळगून आज तुम्ही आयुष्यभराची पुंजी गावासाठी काढून ठेवता आहात, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे मी काही अवघड प्रश्न विचारणार आहे, ते हा आदर ठेवूनच.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला ताटकळावे लागणार नाही. पाच महिन्यांनी भूमिपूजन करू नये, असे मला वाटते. याचा अर्थ यजमानांचे म्हणणे मानून सारी रक्कम कुणाला तरी देऊन मोकळे व्हावे, असा मात्र नाही. तुम्ही या दोन पर्यायांपुरताच विचार केला आहे आणि दोन्हींत पैसे प्रथम खर्च होतात, गावाला नेमके काय हवे आहे याचा शोध नंतर लागतो. तो क्रम उलटा करता येईल का, हे आपण पाहू.

सुरुवात वहिनीपासूनच करू, कारण तुमच्या संकल्पाचे मूळ तिथे आहे. त्या रात्री गावात तुमच्या आराखड्यातले 30 खाटांचे रुग्णालय उभे असते, तर ती वाचली असती का? मातामृत्यूंचा अभ्यास करणारे लोक विलंबाचे तीन टप्पे सांगतात. पहिला विलंब घरात होतो : रक्त जास्त जाते आहे हे ओळखायला आणि दवाखान्यात न्यायचे ठरवायला लागणारा वेळ. दुसरा वाटेत होतो : वाहन मिळणे, रस्ता, अंतर. तिसरा दवाखान्याच्या दारात पोचल्यावर होतो : डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, शस्त्रक्रियागृहाची किल्ली कुणाकडे आहे ते माहीत नाही. तुमच्या पत्रावरून दिसते की, बाळंतपण घरी झाले, सुईणीला रक्तस्राव वेगळा वाटला तरी सकाळपर्यंत थांबायचे ठरले आणि नंतर जीप मिळायला दीड तास गेला. म्हणजे पहिले दोन विलंब इतके मोठे होते की, तिसऱ्याची वेळच आली नाही. नवी इमारत दुसरा विलंब थोडा कमी करते. पहिल्याला ती हात लावत नाही, आणि तिसरा तर इमारतीच्या आतच घडत असतो.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा फार थोडा वेळ देणारा आजार आहे. बहुतेक वेळा गर्भाशय पुरेसे आकुंचन पावत नाही म्हणून तो होतो आणि तीव्र असेल, तर उपचाराविना दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. बाई आधीच रक्तक्षयाने अशक्त असेल, तर तेवढाही अवधी मिळत नाही. मात्र त्याचा मोठा भाग टाळण्यासाठी लागणारी साधने साधी आहेत. बाळ जन्मताच आईला, गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे. ते औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, म्हणून चालू स्थितीतला फ्रीज आणि विजेची पर्यायी सोय हवी. जिथे तेही शक्य नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा उपयोग होतो. 2023 साली आफ्रिकेतील चार देशांतल्या 80 रुग्णालयांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची चादर-पिशवी ठेवून गेलेले रक्त प्रत्यक्ष मोजले आणि ठरावीक उपचार एकदमच सुरू केले, तर गंभीर परिणामांचे प्रमाण 60 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. यातले काहीही तीस खाटांवर अवलंबून नाही. प्रशिक्षित परिचारिका जागेवर असणे, औषध थंड राहिलेले असणे आणि पुढे न्यायला गाडी दारात उभी असणे यावर ते अवलंबून आहे.

तरीही काही बायकांना शस्त्रक्रिया आणि रक्त लागतेच. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, नवजात बाळाला पाहणारा डॉक्टर आणि मान्यताप्राप्त रक्तपेढीशी जोडलेले रक्तसाठवणूक केंद्र, हे चारही एकाच वेळी आणि रात्रीसुद्धा उपलब्ध असावे लागतात. यातला एक जरी गळला, तरी तीस खाटांचे रुग्णालयदेखील वहिनीला पुढेच पाठवील. ग्रामीण भागात बहुधा भूलतज्ज्ञाअभावी सारे अडते. तुमच्या आराखड्यात शस्त्रक्रियागृह दोन आहेत. भूलतज्ज्ञाचा उल्लेख पत्रात एकदाही नाही.

आता पैशांकडे वळते. तुम्ही बँकेत आयुष्य काढले आहे, तेव्हा हा हिशेब माझ्यापेक्षा तुम्हालाच चांगला समजेल. नव्वद लाख बांधकामात गेले की वीस लाख उरतात. सात टक्के व्याज धरले, तर त्यांचे वर्षाला एक लाख चाळीस हजार, म्हणजे महिन्याला बारा हजारांहून कमी येतात. आता खर्चाची बाजू पाहा. आठवड्याचे तास 168 आणि एका परिचारिकेचे काम 48 तासांचे. म्हणजे कक्षात अहोरात्र एक परिचारिका हवी असेल, तर साडेतीन जणी लागतात आणि सुट्ट्या, आजारपण, रजा धरल्या की ही संख्या पाचाच्या घरात जाते. प्रसूतिकक्ष वेगळा धरला की नऊ-दहा. त्यानंतर डॉक्टर, औषधे, प्रयोगशाळा, वीज, जनित्राचे डिझेल, धुलाई, सफाई, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या यंत्रणेचे शुल्क आणि गाडीचा चालक. इमारत एकदाच बांधावी लागते, हे सारे दर महिन्याला उभे राहते. उलट संपूर्ण एक कोटी दहा लाख ठेवीत राहिले, तर त्याच दराने महिन्याला सुमारे चौसष्ट हजार येतात. त्यात रुग्णालय चालणार नाही, पण एक परिचारिका, एक चालक, गाडीचे इंधन आणि आवश्यक औषधे यांचे काम नेटाने चालू शकते, आणि मुद्दल शाबूत राहते.

तुमच्यासारखे स्वप्न पाहून ते खरे करून दाखवणारी माणसे आपल्याच राज्यात झाली आहेत. त्यांची नावे तुम्ही पत्रात प्रेरणा म्हणून घेतलीही आहेत, पण त्यांनी आधी काय केले, ते जरा बारकाईने पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांना मिळालेली जागा जनावरांच्या जुन्या दवाखान्याची होती. लोकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की, गावाच्या लेखी पहिली गरज अन्न आणि पाणी यांची आहे, दवाखाना नंतर येतो. म्हणून तिथूनच त्यांनी सुरुवात केली. पुढे गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले आणि जामखेडचे नाव जगभर झाले ते या बायकांमुळे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या काळात हेमलकशाचे काम 1973 साली झोपडीतून उभे राहिले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले की, तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळाले ते त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. याच संस्थेने 39 गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. हे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करतात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

या सर्वांत एक समान धागा मला दिसतो. काम आधी सुरू झाले आणि त्या कामाला जेवढी जागा लागली, तेवढी इमारत मागून आली. शिवाय प्रत्येक ठिकाणी तिथेच राहणारी, आपण होऊन आलेली डॉक्टर मंडळी होती. तुमच्याकडे जमीन, पैसा आणि तळमळ आहे. तिथे राहणारा माणूस अजून नाही.

यामुळे मुलीचा विषय टाळता येत नाही. "ती अजून नाही म्हणालेली नाही," असे तुम्ही लिहिता. ताई, ती हो म्हणाल्याचेही पत्रात कुठे दिसत नाही. लहानपणापासून मामीच्या मृत्यूची हकीकत ऐकत वाढलेल्या मुलीला आईच्या या स्वप्नाला नकार देणे किती कठीण जात असेल, याचा विचार करावा. तिच्याशी एकदा निवांत बोला. त्या वेळी आराखडा समोर नसावा, वडील किंवा मामाही नसावेत. "तुझा नकार असला, तरी मला चालेल आणि माझे काम थांबणार नाही," हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि ते खरे असेल तेव्हाच बोला. कदाचित ती वर्षातून काही आठवडे येईल, परिचारिकांना शिकवील किंवा फोनवरून सल्ला देईल. कदाचित दहा वर्षांनी पूर्ण वेळ येईल. यातले प्रत्येक उत्तर मोलाचे आहे, पण संस्थेची उभारणी एका मुलीच्या मौनावर करू नये. ती आली, तरीही एकटीने तिला तीनशे पासष्ट रात्री जागता येणार नाहीत. दोन-तीन समविचारी डॉक्टरांचा गट लागतोच. छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला 'जन स्वास्थ्य सहयोग' ही संस्था उभी राहिली, ती अशाच डॉक्टर मित्रमैत्रिणींच्या गटामुळे, आणि त्यांनीही सुरुवात पाटबंधारे खात्याच्या पडीक इमारतींत केली.

दुसरे नाव भाचीचे. रुग्णालयाला तिच्या आईचे नाव द्यायचे आहे, आणि पत्रात तिचा उल्लेख एका ओळीचा आहे. तिला विचारले आहे का? आईचे नाव दारावर रोज पाहणे तिला आधाराचे वाटेल की ओझ्याचे, हे दुसरे कुणी ठरवू शकत नाही.

पूर्णपणे मोफत सेवेविषयी तुमचा आग्रह मला समजतो आणि बऱ्याच अंशी पटतो. शुल्क थोडे असले तरी सर्वांत गरीब माणूस त्यामुळेच दवाखान्यात येणे पुढे ढकलतो, हा अनुभव जगभराचा आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण अनेकदा दिले जाते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 साली ते अवघ्या 11 खाटांवर सुरू केले आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत शस्त्रक्रियांचा खर्च भागवला. निवृत्तीनंतर इतके मोठे काम करता येते, हे तुम्ही त्यांच्याकडून जरूर घ्यावे. मात्र ती आर्थिक घडी जशीच्या तशी तुमच्या गावी बसणार नाही, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरवून, मोठ्या संख्येने करता येते, तिथे पैसे देणारा वर्गही येतो. बाळंतपण आणि सर्पदंश वेळ ठरवून येत नाहीत, आणि तुमच्या पंचक्रोशीत देणारा वर्ग थोडाच आहे. माझा कल असा की, बाळंतपण, लहान मुले, सर्पदंश आणि अपघात यांसाठी कुणाकडूनही पैसे घेऊ नयेत. बाकीच्या तपासणीला अगदी थोडे शुल्क ठेवावे, ते उपचार झाल्यावरच घ्यावे आणि ज्याला देणे शक्य नाही, त्याच्याकडे गरिबीचा दाखला मागू नये. लहान गावात चारचौघांसमोर गरिबी सिद्ध करायला लावणे हा मोठा अपमान असतो आणि त्या भीतीने माणसे दवाखान्याची वाट सोडतात. पुढे खरोखरच रुग्णालय झाले, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट होण्याचा मार्ग आहे. तिथे रुग्णाकडून काही न घेता ठरावीक उपचारांचे पैसे मिळतात. पण त्यासाठी निकष पूर्ण करावे लागतात आणि देयके हाती येईपर्यंतचा खर्च संस्थेला सोसावा लागतो.

'सरकारी व्यवस्था असून नसल्यासारखी' असे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. तिथे जरा थांबावे, असे मी सुचवते. सपाट भागात 30,000 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे, आणि तुमच्याच पत्राप्रमाणे आठ किलोमीटरवर ते आहे. तिथे रात्री डॉक्टर राहत नाहीत, ही तक्रार खरी असेल. पण का राहत नाहीत, हे कुणी विचारले आहे का? निवासस्थान गळते, पाणी नाही, परिचारिकेला रात्री एकटीने राहायची भीती वाटते, अशी कारणे बहुधा निघतात आणि ती तुमच्या रकमेच्या अगदी लहान भागात दूर होऊ शकतात. फ्रीजला सौर विजेची जोड देणे, परिचारिकांच्या खोल्या नीट करणे, वाहनाचा बंदोबस्त करणे ही कामे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखी संमतीने एखाद्या विश्वस्त संस्थेला करता येतात. आपल्या राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती तुमच्या गावी पोचायला खरोखर किती वेळ घेते, याची सहा महिने नोंद ठेवली, तर तेवढी वहीसुद्धा मोठे काम करील. दुर्गम भागासाठी शासनाची माहेरघराची कल्पनाही आहे : दिवस भरत आलेल्या बाईने आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे, सोबत घरचे माणूस, जेवणखाणाची सोय. घाट आडवा असलेल्या गावांसाठी याहून नेमकी व्यवस्था मला सुचत नाही. तुमच्या वहिनीच्या बाबतीत पहिला आणि दुसरा हे दोन्ही विलंब या व्यवस्थेने टळले असते.

यजमानांच्या सूचनेलाही मी वजन देते. चालत्या संस्थेला पैसे देणे म्हणजे माघार घेणे, असे तुम्हाला वाटते, तसे मला वाटत नाही. अट एवढीच की, ती संस्था तुमच्या गावापर्यंत यायला तयार असावी. देणगी देऊन दूर होण्यापेक्षा, तिच्याशी करार करून तुमच्या पाच-सात गावांसाठी फिरता दवाखाना आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण सुरू करता आले, तर अनुभव त्यांचा आणि पाठबळ तुमचे, असा मेळ बसतो. जवळपास अशी संस्था असेल, तर स्वतंत्र विश्वस्त संस्था काढण्यापूर्वी तिथे महिनाभर राहून या. पाहुणी म्हणून नको. हिशेबाच्या टेबलावर बसा. तुमच्या डोळ्यांना तिथे जे दिसेल, ते डॉक्टरांना दिसत नाही.

कायद्याच्या बाबी थोडक्यात लिहिते, कारण याच वाटेवरचे इतर वाचकही त्या विचारत असतात. जमीन सातबाऱ्यावर अजून वडिलांच्या नावावर आहे. त्यांच्या पश्चात भाऊ आणि तुम्ही, आई असतील तर त्याही, वारस आहात. आधी वारस नोंद, मग वाटणी किंवा हक्कसोड, मग विश्वस्त संस्थेला नोंदणीकृत दस्ताने हस्तांतर, आणि बांधकामासाठी लागणाऱ्या परवानग्या, हा क्रम चुकवू नका. भाऊ आज तोंडी हो म्हणतात, पण ती जमीन तेच कसतात. त्यांच्या उत्पन्नाचे काय, हे कागदावर स्पष्ट व्हायला हवे. सार्वजनिक विश्वस्त संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवावी लागते. एकदा जमीन संस्थेची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही, म्हणून घाईने दान करू नये. विश्वस्तांमध्ये घरचे लोक निम्म्याहून कमी असावेत, गावातल्या किमान दोन बायका आणि बाहेरचा एक लेखापाल असावा. 'धर्मादाय' या शब्दाबरोबर बंधनेही येतात. 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तुम्ही त्याहून कितीतरी अधिक देऊ इच्छिता, तरी त्याच्या नोंदी ठेवणे चुकत नाही. शुश्रूषागृहाची नोंदणी 1949 च्या अधिनियमाखाली, कचऱ्याची व्यवस्था 2016 च्या नियमांप्रमाणे आणि सोनोग्राफी यंत्र घेतले, तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची तुम्हाला मोठी आशा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते हे खरे, पण यंत्रे आणि इमारती यांना पैसे मिळणे सोपे असते, वर्षानुवर्षांच्या पगारांना ते मिळणे फार कठीण.

यंत्रांवरून एक प्रसंग आठवतो. मी काही वर्षे एका लहान धर्मादाय दवाखान्याच्या विश्वस्त मंडळावर होते. एका दात्याने सोनोग्राफी यंत्र दिले, समारंभ झाला, छायाचित्रे निघाली. नोंदणी झालेली नव्हती आणि यंत्र चालवायला पात्र डॉक्टरही नव्हते. दोन वर्षे ते खोक्यातच राहिले आणि त्याच काळात दाराशी आलेल्या बायकांना हिमोग्लोबिन तपासायलाही आम्ही तालुक्याला पाठवत होतो. त्या बैठकांमध्ये मी गप्प बसले, याची खंत मला आजही आहे. म्हणून दात्यांना नम्रपणे 'हे नको, ते द्या' असे सांगण्याचा ठराव पहिल्याच दिवशी करून ठेवा.

आता मी तुमच्या जागी असते, तर काय केले असते ते सांगते. पहिले सहा महिने पैसा जवळजवळ खर्चच केला नसता. भोवतालच्या गावांतल्या आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांच्यासोबत घरोघर जाऊन गेल्या दोन वर्षांतली बाळंतपणे, मृत्यू, सर्पदंश, अर्धवट सुटलेले क्षयाचे उपचार आणि दवाखान्यापायी झालेली कर्जे यांची माहिती गोळा केली असती. कर्जाची नोंद मुद्दाम घ्या; तुम्ही विचारलेत, तर लोक तुम्हाला सांगतील. त्यानंतरची दोन वर्षे गाडी, प्रशिक्षित परिचारिका, ठरलेल्या दिवशी येणारे डॉक्टर आणि माहेरघरासारखी दोन-तीन खोल्यांची सोय, एवढेच भावाच्या घराच्या एखाद्या भागात किंवा भाड्याच्या जागेत चालवले असते. त्याच वेळी गावातल्या चार-पाच मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले असते. सहायक परिचारिका प्रसाविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा. शहरातून परिचारिका आणून टिकवण्यात संस्थांची दमछाक होते. गावात जिचे घर आहे, ती टिकण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. भाचीला हे शिक्षण आवडले, तर उत्तमच, पण तिच्यावर ते लादू नका.

या अडीच वर्षांच्या शेवटी तुमच्याकडे काही हजार रुग्णांच्या नोंदी असतील, कोणते आजार इथेच बरे होतात आणि कोणते पुढे पाठवावे लागतात, हे कळलेले असेल, आणि एखाद-दुसरा डॉक्टर तुमचे काम पाहून थांबायला तयार झालेला असेल किंवा झालेला नसेल. झाला असेल, तर सहा किंवा दहा खाटांचे प्रसूतिगृह बांधा. दोन एकर तोवर कुठे जात नाहीत. झाला नसेल, तर जे चालले आहे तेच वाढवा. तेही वहिनीच्याच नावाने चाललेले काम असेल. वास्तुविशारदांना आज एवढेच कळवावे की, आराखडा सध्या थांबवला आहे आणि पुढे तो बदलेल. त्यांचे आतापर्यंतचे शुल्क देऊन टाकावे.

राहिला तो दिवस. स्मृतिदिन रिकामा जाऊ नये, ही तुमची इच्छा रास्त आहे. त्या दिवशी गावातल्या शाळेत गेल्या दोन वर्षांत बाळंत झालेल्या बायका, त्यांच्या सासवा, सुईणी आणि आशाताई यांना बोलवा. भाची यायला तयार असेल, तर तिला शेजारी बसवा. पुढारी मंडळींचा सत्कार, फलक, भाषण यातले काही ठेवू नका. वहिनीचे काय झाले, ते तुम्ही एकदा सांगा आणि मग विचारा : रात्री दुखू लागले, तेव्हा तुम्ही काय केलेत, कोण सोबत आले, किती पैसे लागले, कुठे अडले? बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सासवा समोर असताना सुना कदाचित गप्प राहतील, तेव्हा त्यांच्याशी नंतर वेगळे बोला. त्या बैठकीत काय निघाले, ते मला अवश्य कळवा. पुढच्या पत्रात आपण त्यावरून बोलू.